न बोलणारा पेशंट

“आता हे वाक्य प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचं,” प्रशिक्षक बाई म्हणाल्या आणि ब्रदरने आपली खुर्ची मागच्या रांगेत सरकवली.

ब्रदर म्हणजे केमोच्या वॉर्डातला सगळ्यांत जुना नर्स. पुरुष नर्सला हॉस्पिटलात ब्रदर म्हणतात. याला इतकी वर्षं तसं म्हणत आले होते, की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तोच मागे वळून ‘कोण आलंय?’ म्हणून बघायचा. अंगाने आडदांड, पण हात कापसासारखा. डॉक्टरांना न सापडणारी शीर त्याला सापडायची. पेशंटने अंगावर उलटी केली तरी तो “होऊ द्या, कपडे धुता येतात” म्हणायचा. रक्ताला, रडण्याला, डॉक्टरांच्या ओरडण्याला, कशालाच तो भीत नसे. पण बाईंनी फळ्यावर लिहिलेलं ते वाक्य वाचताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

वाक्य तसं साधं होतं. ‘या आजारात आणि उपचारांत बऱ्याच जणांना नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल, शरीरसंबंधांबद्दल प्रश्न पडतात. तुम्हाला काही बोलायचं आहे का?’

“पेशंट विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपण हसू,” बाई सांगत होत्या. “आपण विचारत नाही, कारण आपल्याला वाटतं ते चिडतील. मग दोघंही भूक आणि झोप यांवर बोलतात, आणि घरी एक माणूस भिंतीकडे तोंड करून झोपतो. हे थांबवायला मी आलेय. चला, सुरू करा.”

धाकट्या सिस्टरने चहा मागवावा तितक्या सहजपणे ते वाक्य म्हटलं. मेट्रनबाईंनी ते अशा आवाजात म्हटलं, की ‘हो, बोलायचंय’ म्हणायची कुणाची छाती झाली नसती. ब्रदर ‘उपचारांत’पर्यंत ठीक गेला. ‘जवळिकी’पाशी त्याचा आवाज चिरकला आणि ‘शरीर’ म्हणताना त्याला उचकी लागली. पाणी पाजलं, पाठीवर थापट्या मारल्या, पण वाक्य काही पुढे सरकेना.

“हरकत नाही,” बाई म्हणाल्या. “उद्या आपसांत सराव करू. शुक्रवारी प्रत्येकाने खऱ्या पेशंटशी बोलायचं. मी शेजारी बसेन.”

शेजारी बसेन, हे ऐकून ब्रदरची उचकी आपोआप थांबली. श्वासच थांबला होता.

घरी येऊन त्याने बाथरूममध्ये नळ सोडला आणि आरशासमोर उभा राहिला. “या आजारात...” त्याने सुरुवात केली. “या आजारात बऱ्याच जणांना... शरीर... संबंध...”

दारावर टकटक झाली. “अहो, कुणाशी बोलताय?” बायको विचारत होती.

“कुणाशी नाही. गुणगुणतोय.”

“गाण्यात ‘संबंध’ कशाला येतोय?”

त्याने नळ आणखी मोठा सोडला.

सकाळी उठल्यावर त्याने मेट्रनबाईंकडे रजा मागून बघितली. “प्रशिक्षणाच्या आठवड्यात रजा फक्त मेलेल्या माणसाला मिळते,” असं फोनवर उत्तर आलं. फोन ठेवताना ब्रदरच्या डोक्यात एक कल्पना आली. बोलायचीच भीती आहे ना? मग आवाजच नसला तर? त्याने गळ्याला मफलर गुंडाळला, स्वयंपाकघरात जाऊन घशाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. बायकोलाही खरं सांगून चालणार नव्हतं. तिची आणि मेट्रनबाईंची फोनवर घसट होती, आणि तिच्या पोटात काही राहत नसे.

“आत्ता तर फोनवर बोलत होतात!” ती म्हणाली.

त्याने आणखी केविलवाणा चेहरा केला. फोन ठेवता ठेवताच आवाज गेला, असं त्याने हातवाऱ्यांनी सांगितलं. बायको घाबरली. कॅन्सरच्या वॉर्डात नवरा काम करत असला की घरातल्या माणसाला साधा खोकलाही साधा वाटत नाही. तो बाहेर पडताच तिने आईला फोन लावला. “आई, यांचा आवाज गेलाय गं. अचानक. खरखर नाही, काही नाही. एकदम बंद.”

तिच्या आईने, म्हणजे ब्रदरच्या सासूबाईंनी, लगेच नवऱ्याला हुकूम सोडला. “तुम्हाला आज तपासणीचं रक्त द्यायला तिकडे जायचंच आहे. येताना जावईबापूंचा घसा बघून या.”

ब्रदरचे सासरे वाहन परवान्याची परीक्षा घेणारे अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. ताठ कणा, पांढऱ्या मिशा आणि समोरच्याने चूक करण्याची वाट बघणारे डोळे. ब्रदरला त्यांनी लग्नाआधी परीक्षेत नापास केलं होतं आणि लग्नानंतरही केलं होतं. तो त्यांच्यासमोर अजूनही खुर्चीच्या कडेवर बसायचा. गेल्या वर्षी सासऱ्यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन याच हॉस्पिटलात झालं. गाठ पूर्ण निघाली, तब्येत सुधारली, आणि आता ते अधूनमधून फक्त रक्त तपासायला येत.

इकडे वॉर्डात ब्रदरने घशाकडे बोट दाखवलं आणि सुटकेची वाट बघत उभा राहिला.

“आवाज गेलाय?” बाईंचा चेहरा उजळला. “वा! उत्तम! मला न बोलणारा पेशंट हवाच होता. खरे पेशंट असेच असतात. बसा त्या खुर्चीत.”

ब्रदरने दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणून बघितलं. तोपर्यंत ‘सकाळी फोनवर तर बरे बोलत होतात’ म्हणत मेट्रनबाईंनी त्याला पेशंटचा झगा चढवला होता. ज्या लांब खुर्चीत त्याने शेकडो लोकांना केमो दिली होती, तिच्यात त्याला आडवं केलं गेलं. हाताला सलाइनची नळी चिकटपट्टीने लावली. आणि मग एकेक जण समोरच्या स्टुलावर येऊन बसू लागला आणि त्याच्या संसाराची चौकशी करू लागला.

प्रश्न विचारणं भीतिदायक होतं, पण गप्प बसून ते ऐकणं त्याहून भयंकर निघालं. उत्तर देता येत नव्हतं, विषय बदलता येत नव्हता, ‘मी जरा औषध आणतो’ म्हणून उठता येत नव्हतं. शेवटी धाकटी सिस्टर आली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि इतक्या मायेने बोलायला लागली, की त्याला आपण खरेच आजारी आहोत असं वाटू लागलं.

“उपचार चालू असताना इच्छा कमी होते,” ती म्हणाली. “तो तुमचा दोष नाही. घरी पत्नीशी बोललात का याबद्दल?”

ब्रदरने मान हलवली. नाही.

“तिला काहीच माहीत नाही?”

नाही.

“भीती वाटते सांगायची?”

ब्रदरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कालपासून साठलेली सगळी भीती एकदम बाहेर पडली. “बघा, बघा,” मागून बाई पुटपुटल्या, “किती मनापासून करतायत.”

नेमके त्याच वेळी सासरे वॉर्डाच्या अर्धवट उघड्या दाराशी उभे होते. त्यांना दिसलं ते एवढंच: जावई झगा घालून केमोच्या खुर्चीत पडलाय, हाताला नळी लागलीय आणि तो रडतोय. ऐकू आलं तेही पुरेसं होतं. बाई आणि बाकी सगळे दाराच्या आड, फळ्याजवळ उभे होते, ते त्यांना दिसलेच नाहीत. आयुष्यभर लोकांना ‘घाबरू नका, समोर बघा’ सांगणारा तो माणूस भिंतीला धरून जिन्याकडे गेला आणि खालच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. मग त्यांनी मुलीला फोन केला.

“पोरी, मन घट्ट कर.”

“काय झालं बाबा? घसा ना?”

“घसा नाही. म्हणजे... खाली.”

“खाली कुठे?”

“अगं, खाली म्हणजे... माझं होतं ना, तसलंच काहीतरी. केमो चालू आहे. तुला सांगायची हिंमत होत नाही त्यांना.”

बायकोच्या हातातून झारा पडला. सगळे धागे तिच्या डोक्यात भराभर जुळले. बाथरूममध्ये नळ सोडून एकटाच ‘या आजारात’ म्हणणारा नवरा. गाण्यात आलेला ‘संबंध’. सकाळी गेलेला आवाज. “बाबा,” ती कशीबशी म्हणाली, “खाली पण आणि घसा पण? म्हणजे सगळीकडे पसरलंय हो!”

संध्याकाळी ब्रदर घरी आला तो पिंजऱ्यातून सुटल्यासारखा. शुक्रवारची बला मात्र टळली नव्हती. “तोपर्यंत घसा सुटेल,” असं बाईंनी बजावलं होतं. दार उघडताच बायकोने त्याच्या हातातली पिशवी घेतली, चपला काढून दिल्या आणि त्याला सोफ्यावर बसवून पाठीला दोन उशा लावल्या. लग्नानंतर असं पहिल्यांदाच होत होतं, त्यामुळे तो धास्तावला. तिचे डोळे सुजले होते. समोर वाफाळतं सूप आलं. आतून सासूबाई आल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंडाला पदर लावून परत आत गेल्या.

काहीतरी भयंकर झालंय, हे त्याला कळलं. काय झालंय, ते विचारायला आवाज नव्हता. तो हाताने ‘काय? काय?’ करत राहिला, आणि ते बघून बायकोला आणखी हुंदके येत राहिले.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “जरा बाल्कनीत चला.”

ब्रदर सूप तसंच ठेवून उठला. बाल्कनीत सासऱ्यांनी पडदा ओढला, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली रस्त्याकडे बघत बोलायला सुरुवात केली.

“तुम्ही बोलू नका. नुसतं ऐका. मला सगळं कळलंय. कसं कळलं ते विचारू नका.”

पकडलो गेलो, ब्रदरला वाटलं. मेट्रनबाईंनी ओळखलं असणार आणि फोन केला असणार. त्याने मान खाली घातली.

“असल्या गोष्टी घरच्यांपासून लपवायच्या नसतात. भीती वाटते, मान्य आहे.”

ब्रदरने मान डोलावली.

“मीही एक गोष्ट लपवलीय.”

ब्रदरने मान वर केली.

“ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गाठ गेली, तुम्ही मोकळे. पण त्यानंतर...” सासरे थांबले. खालून एक स्कूटर गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी बघितली. “त्यानंतर गाडी बंदच पडली. किल्ली फिरवून बघितली, काही नाही. परत बघितली, काही नाही. मग किल्लीच हातात घ्यायची सोडली. घोरतो म्हणून सांगितलं आणि हॉलमध्ये झोपायला लागलो. तुमच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, घोरता तर तुम्ही पहिल्यापासून. वर्ष होत आलं त्याला. हल्ली त्या माझ्याकडे बघून बोलत नाहीत. त्यांना वाटतं, माझं मन उडालं त्यांच्यावरून. म्हणून सांगतो, तुम्ही माझ्यासारखं करू नका. पोरीला सांगून टाका.”

शेवटचं वाक्य ब्रदरच्या कानांत शिरलंच नाही. त्याच्यासमोर परीक्षा घेणारे अधिकारी नव्हते. कठड्याला धरून, पडण्याच्या भीतीने ताठ उभा असलेला एक पेशंट होता. दर वेळी रक्त द्यायला आले की ब्रदर त्यांना अदबीने विचारायचा, ‘बाबा, झोप लागते ना?’ कुठे झोपता, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

आता बोलावं तर ढोंग उघडं पडणार होतं. न बोलावं तर हा माणूस परत हॉलमध्ये जाऊन झोपणार होता. ब्रदरने मफलर सोडला.

“बाबा,” तो म्हणाला, “गाडीचं नको. सरळ बोलू या.” आवाज खणखणीत आणि नको इतका मोठा निघाला. “या आजारात आणि उपचारांत बऱ्याच जणांना शरीरसंबंधांबद्दल प्रश्न पडतात. तुम्ही पहिले नाही. ऑपरेशनमध्ये तिथल्या नसा दुखावतात, त्यात मन उडण्याचा काही संबंध नसतो. त्यावर औषधं असतात, दुसरे उपाय असतात. आणि समजा उपाय नाही चालला, तरी जवळ झोपायला कुणाची बंदी नसते.”

उचकी लागली नाही. सासऱ्यांच्या मिशा मात्र थरथरल्या.

“तुम्हाला बोलता येतं?”

पडदा फर्रकन बाजूला झाला. “अहो! आवाज आला तुमचा!” बायकोने त्याला मिठीच मारली. तिच्या मागे सासूबाई पाण्याचा पेला हातात घेऊन उभ्या होत्या. पेला भरलेलाच होता. त्या कधीपासून तिथे उभ्या होत्या, ते कुणालाच कळलं नाही.

“म्हणजे घशात नाही पसरला?” बायको म्हणाली.

“काय पसरला?”

“कॅन्सर!”

“कुणाचा?”

“तुमचा!”

“मला कशाला झालाय?”

“बाबांनी डोळ्यांनी बघितलं! झगा, नळी, रडणं!”

मग सगळं बाहेर आलं. फळ्यावरचं वाक्य, बाथरूमचा नळ, मफलर, खुर्ची. सांगताना ब्रदरचा आवाज इतका खाली गेला, की आता तो खरंच बसणार असं वाटलं. बायको ऐकता ऐकता जमिनीवर बसली. आधी रडली, मग हसली, मग उठून सोफ्यासमोरचं सूप उचलून आत घेऊन गेली.

“अगं, सूप...”

“ते आजारी माणसासाठी होतं. आणि आता माझ्याशी बोलू नका. तुमचा घसा सुटलाय, माझा बसलाय.”

सासरे बाल्कनीतच उभे होते. जावई धडधाकट आहे याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसला, आणि लगेच दुसराच घोर लागला. “म्हणजे मी जे बोललो, ते... उगाचच बोललो?”

“मुळीच उगाच नाही, बाबा.”

“डॉक्टरांनी विचारलं नाही. मी बोललो नाही. तुम्ही तर रोज तिथेच असता.”

ब्रदरने मफलरची घडी घातली. तो म्हणाला, “शुक्रवारी बाईंकडे चला.”

“बाईंकडे? पुरुष नाही का कुणी?”

“पुरुष मी आहे, बाबा.”

सासऱ्यांनी त्याच्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हटलं, “बाईच बऱ्या.”

दुसऱ्या दिवशी ब्रदरने प्रशिक्षक बाईंसमोर सगळं कबूल केलं. मेट्रनबाईंचा चेहरा असा झाला, की तो दोन पावलं मागेच सरकला. बाई मात्र शांत होत्या. “घसा बसवून घेणारे प्रत्येक ठिकाणी एक-दोन निघतात. सासऱ्यांपर्यंत पोहोचलेले तुम्ही पहिलेच. आणा त्यांना. पण तुम्ही आत बसायचं नाही. जावयासमोर कोण तोंड उघडेल? त्यांचं झालं की तुमचा पेशंट मी देईन. अनोळखी. नात्यातला धरणार नाही.”

म्हणजे शुक्रवार होताच.

शुक्रवारी सासरे निघाले तेव्हा सासूबाई त्यांच्याआधीच दारात तयार होत्या. “रक्ताचा रिपोर्ट आणायचाय ना? मीही येते,” एवढंच त्या म्हणाल्या. सासऱ्यांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही. बाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिघं बसले. खोलीचं दार बघून सासरे जावयाकडे झुकले.

“जावईबापू, आज नको. माझं बीपी वाढलंय.”

“मोजू का?”

“नको. त्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत हो.”

“बाबा, तुम्ही निदान पेशंट आहात. मला तुमच्यानंतर परीक्षा द्यायचीय.”

“नापास झालात तर?”

“परत घेतात.”

“मी पण परत घ्यायचो,” सासरे खिन्नपणे म्हणाले. “लोक दुसऱ्यांदा जास्त घाबरायचे.”

दोघांची अशी कुजबुज चालली असताना बाकाच्या टोकाची सासूबाईंची जागा रिकामी झाल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. दार लागल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी वर बघितलं. सासूबाई आत गेल्या होत्या.

“ही कशाला गेली आत?” सासऱ्यांचा आवाज चिरकला. “तिला काय माहीत आहे?”

ब्रदरला पाण्याचा भरलेला पेला आठवला.

आतून आधी काहीच ऐकू येईना. मग बाईंचा सौम्य आवाज, मग सासूबाईंचा, लांबलचक, न थांबता. मध्येच त्या रडताहेत असं वाटलं आणि सासरे अर्धे उठले. मग दोघी हसल्या. ते हसणं ऐकून सासरे परत बसले. रडण्यापेक्षा त्या हसण्याचीच त्यांना जास्त भीती वाटली असावी, कारण त्यांनी जावयाचा हात घट्ट धरला. ब्रदरनेही सोडवून घेतला नाही. त्याचाही तळवा ओला होता.

अखेर दार उघडलं. सासूबाईंचे डोळे लाल होते आणि चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. कितीतरी महिन्यांनी त्यांनी नवऱ्याकडे सरळ बघितलं.

“काय सांगितलंस तू?” सासऱ्यांनी विचारलं.

“सगळं.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं म्हणजे सगळं. माझी बाजू झाली सांगून.” त्यांनी दार उघडंच धरून ठेवलं. “बाई म्हणताहेत, बाहेर जो घाबरून बसलाय त्याला आत पाठवा. मी म्हटलं, दोघं बसलेत, कुठला पाठवू?”

सासऱ्यांनी जावयाकडे बोट दाखवलं आणि जावयाने सासऱ्यांकडे.